भाऊ गमावू नये म्हणून : विश्वासणाऱ्यांमधील वाद प्रेमाने कसा मिटवावा

यरुशलेमातील पहिल्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायात, उघड कुरकुर सुरू झाली ती रोजच्या अन्नवाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांची तक्रार होती की, वाटपाच्या वेळी आमच्या विधवांची उपेक्षा होते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात ही हकिकत आली आहे आणि मंडळीतील वाद हाताळण्याची वेळ ज्याच्यावर येते त्याने ती सावकाश वाचावी. बारा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना ‘एकी मोडू नका’ असे सुनावले नाही किंवा वेळ जाईल तशी कुरकुर आपोआप थांबेल असे म्हणून विषय टाळलाही नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले, अडचण सगळ्यांसमोर मांडली आणि सात जणांची निवड मंडळीवरच सोपवली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव ही सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप देण्यात आले.

विश्वासणाऱ्यांमध्ये वाद होणे यात लाज वाटण्यासारखे फारसे काही नाही. लाज वाटावी ती वाद झाकून ठेवण्याची, किंवा तो चारचौघांत उधळून समोरच्याला नामोहरम करण्याची. या दोन्ही वाटा प्रेमाच्या नाहीत. झाकलेला वाद मिटत नाही, तो उपासना संपल्यावर कोपऱ्याकोपऱ्यांतल्या कुजबुजीत जातो. आणि उधळलेला वाद मिटला तरी त्यात माणूस हातचा जातो. सत्य त्या माणसाला समोरासमोर सांगायचे, ते शक्य तितक्या कमी लोकांत सांगायचे, आणि आपली बाजू वरचढ ठरावी यासाठी नव्हे तर तो भाऊ किंवा ती बहीण परत मिळावी यासाठी सांगायचे, हा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, मार्ग आहे. पुढचे सगळे सांगणे या एका गोष्टीभोवती आहे.

येशूने हा मार्ग मत्तयाच्या शुभवर्तमानात १८व्या अध्यायाच्या १५ ते १७ या ओव्यांत पायरीपायरीने सांगितला आहे : आधी दोघांनीच एकांतात बोलावे, ऐकले नाही तर आणखी एक-दोन जणांना बरोबर घ्यावे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे. पुष्कळ ठिकाणी या तीन ओव्या कारवाईच्या नियमावलीसारख्या वापरल्या जातात आणि पायऱ्या पूर्ण केल्या की आपले कर्तव्य संपले असे मानले जाते. परंतु त्यांच्या लगेच आधी हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव मागे ठेवून निघणाऱ्या माणसाचा दाखला आहे, आणि त्यांच्या पाठोपाठ दहा हजार तलांतांचे, म्हणजे अफाट, कर्ज माफ होऊनही शंभर दीनारांसाठी सोबतीच्या चाकराचा गळा धरणाऱ्या दासाचा दाखला आहे. या दोन दाखल्यांच्या मध्ये ठेवून त्या ओव्या वाचल्या, तर पहिल्या पायरीचे फळ म्हणून येशूने जे सांगितले आहे तेच मनात ठसते : त्याने ऐकले, तर तू आपला भाऊ मिळवलास.

आधी वादाची जात ओळखावी

समोरच्याकडे जाण्यापूर्वी हा वाद कोणत्या प्रकारचा आहे हे स्वतःशी ठरवावे, कारण प्रत्येक वादाला एकच उपाय लावल्यामुळे पुष्कळ नुकसान होते. काही वाद खऱ्या अपराधाचे असतात : कोणी खोटे बोलले, पैसे परत केले नाहीत, विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडली. काही वाद निव्वळ मतभेदाचे असतात, आणि काही वादांत मुळात काही घडलेलेच नसते, फक्त समज चुकलेला असतो.

या शेवटच्या प्रकाराचे यहोशवाच्या पुस्तकातील २२व्या अध्यायाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. यार्देनेच्या पूर्वेला वतन मिळालेले रऊबेनी, गादी आणि मनश्शेच्या अर्ध्या वंशाचे लोक घरी परतताना नदीकाठी एक मोठी वेदी बांधतात. ही बातमी कळताच बाकीचे इस्राएल लोक शिलो येथे लढाईसाठी जमतात, कारण देवाने नेमलेल्या वेदीखेरीज दुसरी वेदी म्हणजे उघड बंड, असे त्यांना वाटते. त्यांचा राग देवासाठी होता, म्हणजे हेतू वाईट नव्हता. परंतु हल्ला करण्यापूर्वी त्यांनी फिनहास याजकाला आणि दहा वंशांच्या दहा प्रमुखांना विचारायला पाठवले. तेव्हा उत्तर आले की, ही वेदी अर्पणांसाठी नाहीच. तुमच्या मुलांनी पुढे आमच्या मुलांना ‘नदीपलीकडच्यांचा परमेश्वराशी काय संबंध’ असे म्हणू नये म्हणून ती साक्षीसाठी उभारली आहे. ज्या कृतीला एका बाजूने फुटीचे चिन्ह मानले, ती दुसऱ्या बाजूने एकी टिकावी म्हणून केलेली होती. प्रश्न विचारला गेला म्हणून युद्ध टळले. मंडळीतील कितीतरी भांडणे ‘तुम्ही हे का केले, मला समजून घ्यायचे आहे’ एवढ्या एका वाक्याने थांबू शकतात, मात्र ते वाक्य निष्कर्ष काढण्याच्या आधी बोललेले असले पाहिजे.

मतभेदाच्या वादांसाठी प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा १४वा अध्याय आहे. तेथे प्रश्न खाण्यापिण्याचा आणि विशेष दिवस पाळण्याचा होता. पौलाने सर्वांना एकाच मतावर आणण्याचा प्रयत्न केला नाही. जो खातो त्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि जो खात नाही त्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, असे सांगून त्याने दोन्ही बाजूंचा नेमका मोह ओळखला. उपासनेत कोणती वाद्ये असावीत, सभेची वेळ कोणती असावी, नवे बांधकाम आता करावे की नंतर, अशा वादांत समोरच्याकडून पश्चात्तापाची अपेक्षा करणे हाच अन्याय आहे. तेथे निर्णय कोणी आणि कसा घ्यायचा हे ठरवावे, आपले मत स्पष्ट सांगावे आणि निर्णय आपल्या मनाविरुद्ध झाला तरी कामात हात राखून वागू नये.

काही अपराध मनातच क्षमा करून सोडून देण्याजोगे असतात. अपराधाकडे दुर्लक्ष करण्यात माणसाची शोभा आहे, असे नीतिसूत्रांच्या १९व्या अध्यायात म्हटले आहे. मात्र आपण खरोखर सोडून दिले आहे का, याची एक साधी परीक्षा आहे. ती गोष्ट आपण तिसऱ्या माणसाला सांगितली असेल, किंवा त्या व्यक्तीशी बोलताना आपला आवाज बदलत असेल, तर आपण सोडून दिलेले नाही. आपण फक्त जाण्याचे टाळले आहे.

जाण्यापूर्वीची तयारी

येशूने डोळ्यातील कुसळ आणि मुसळ यांविषयी जे सांगितले, त्याचा उपयोग अनेकदा समोरच्याला गप्प करण्यासाठी होतो. परंतु त्या वचनाचा शेवट कुसळ तसेच राहू देण्यात नाही. आधी आपल्या डोळ्यातील मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातील कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असे ते आहे. तेव्हा तयारी म्हणजे स्वतःचा हिशेब आधी मांडणे. एका कागदावर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात : प्रत्यक्षात काय घडले, त्यावरून मी काय अर्थ काढला, आणि मला आता नेमके काय हवे आहे. पहिल्या भागात फक्त जे डोळ्यांनी पाहिले किंवा कानांनी ऐकले तेवढेच यावे. ‘त्यांनी माझा अपमान केला’ हे दुसऱ्या भागात जाते. ‘त्यांनी मला न विचारता माझे नाव यादीतून काढले’ हे पहिल्या भागात. तिसऱ्या भागात ‘त्यांना धडा मिळावा’ असे उतरले, तर भेट पुढे ढकलावी आणि प्रार्थनेत थांबावे. तुमच्यातील लढाया आणि भांडणे तुमच्या अवयवांत लढणाऱ्या वासनांतून येतात, हे याकोबाच्या पत्रातील बोलणे अशा वेळी फार जवळचे वाटते.

प्रार्थनेविषयी एक सावधगिरी येथेच सांगणे गरजेचे आहे. ‘अमुक भावासाठी प्रार्थना करा, त्यांच्याकडून असे असे घडले आहे’ अशा विनंतीच्या रूपाने कुजबुज फार सहज पसरते, आणि तिच्यावर भक्तीचे पांघरूण असल्यामुळे कोणी ती अडवत नाही. ज्याच्याविषयी बोलायचे आहे त्याच्याशी बोलणे होण्यापूर्वी प्रार्थनेची विनंती करायचीच असेल, तर नाव आणि प्रसंग न सांगता ‘मला एका कठीण भेटीसाठी शहाणपण हवे आहे’ एवढेच सांगावे. सल्ला हवा असेल, तर ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशा एकाच प्रौढ विश्वासणाऱ्याचा घ्यावा आणि तो सल्ला ‘मी कसे बोलू’ याविषयी असावा, ‘कोण बरोबर’ याविषयी नव्हे.

आणि कोणी जायचे? मत्तयाच्या १८व्या अध्यायात ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्याला येशू ‘जा’ म्हणतो. ५व्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, ज्याने दुखावले त्याला तो तेच सांगतो : वेदीजवळ अर्पण आणल्यावर तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे शब्द गालीलात बोलले गेले आणि वेदी होती यरुशलेमात, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या घरापासून काही दिवसांच्या वाटेवर. अर्पण ठेवून परत जायचे, समेट करायचा आणि पुन्हा यायचे, हे किती खर्चाचे काम होते ते ऐकणाऱ्याला लगेच कळले असेल. दोन्ही आज्ञा एकत्र ठेवल्या, तर ‘चूक त्यांची आहे, त्यांनी यावे’ असे म्हणण्याची जागा कोणालाच उरत नाही.

दोघांची भेट

भेट समोरासमोर व्हावी. लेखी संदेशात आवाजाचा मृदूपणा पोहोचत नाही, तो संदेश पुढे पाठवता येतो आणि वाचणारा तो आपल्या मनःस्थितीनुसार वाचतो. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर तर वादाचा एक शब्दही लिहू नये. अंतर फार असेल तर फोनवर बोलावे. वेळ अशी निवडावी की उपासनेला जाण्याची किंवा तेथून निघण्याची घाई नसेल. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा, हे इफिसकरांस पत्रातील वचन काही जण रात्री उशिरा, दोघेही थकलेले असताना, भांडण तडीस नेण्यासाठी पुढे करतात. त्याचा रोख राग पाळून न ठेवण्यावर आहे. ‘आपण उद्या शांतपणे बोलू या’ असे मनापासून ठरवणे हेही त्या वचनाचे पालनच आहे.

बोलण्याची सुरुवात कशी करावी याचे एक उदाहरण घेऊ. समजा, एक बहीण कित्येक वर्षे लहान मुलांचा रविवारचा वर्ग घेत आली आहे आणि नव्या वर्षाच्या यादीत तिच्या जागी दुसरे नाव वाचले गेले. यादी करणाऱ्या वडिलांनी, म्हणजे मंडळीचे काम पाहणाऱ्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, तिला आधी काही सांगितले नाही. ती जर म्हणाली, ‘तुम्हाला मी नकोशी झाले आहे हे सगळ्यांना कळले,’ तर समोरचा माणूस लगेच स्वतःचा बचाव करू लागेल आणि पुढचा तास हेतूंच्या वादात जाईल. त्याऐवजी ती असे म्हणू शकते : ‘दादा, रविवारी यादी वाचली गेली तेव्हा माझे नाव नव्हते आणि मला आधी कळवले नव्हते. सगळ्यांसमोर ते ऐकताना मला फार वाईट वाटले. निर्णय कसा झाला हे मला तुमच्याकडून ऐकायचे आहे.’ यात घडलेली गोष्ट आहे, आपल्या मनाची अवस्था आहे आणि प्रश्न आहे. हेतूविषयी एकही आरोप नाही. आणि हे बोलून झाल्यावर तिने थांबावे. उत्तर येईपर्यंतची शांतता अवघड असते, पण ती भरून काढण्यासाठी आणखी तक्रारी जोडू नयेत.

वडिलांची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ‘ताई, तुम्ही गैरसमज करून घेतलात’ हे त्यांचे पहिले वाक्य असू नये, ते खरे असले तरीही. ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देणे हा मूर्खपणा आणि लाज आहे, असे नीतिसूत्रे १८ सांगते. त्यांनी आधी तिचे म्हणणे आपल्या शब्दांत परत मांडावे : ‘तुम्हाला आधी सांगितले गेले नाही आणि ते सगळ्यांसमोर कळले, याचे तुम्हाला दुःख आहे, असे मी समजलो, बरोबर आहे का?’ ती ‘हो’ म्हणाल्यावरच कारणे सांगावीत. पुष्कळदा असे दिसते की निर्णयाचे दुःख थोडे असते, तो ज्या रीतीने कळला त्याचे फार असते, आणि त्याबद्दल क्षमा मागायला निर्णय बदलण्याची गरज नसते.

जुन्या गोष्टी या भेटीत आणू नयेत. ‘तुम्ही नेहमी’ आणि ‘तुम्ही कधीच’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये टाळावीत. शास्त्रवचने एकमेकांवर फेकू नयेत. वचन आठवायचे असेल तर ते स्वतःला लागू करून बोलावे. एका भेटीत सगळे मिटले नाही तर पुढची वेळ ठरवून, शक्य असल्यास एकत्र प्रार्थना करून, उठावे.

कबुली आणि भरपाई

‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर क्षमा करा’ ही क्षमायाचना नाही. तिच्यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकललेली असते. खरी कबुली काय केले ते नाव घेऊन सांगते, त्यामुळे काय नुकसान झाले ते मान्य करते, पुढे काय बदलेल ते सांगते आणि मग क्षमा मागते. ज्यांच्यासमोर चूक झाली त्यांच्यासमोर कबुलीही व्हावी : दोघांत झालेली दोघांत, सभेत झालेली सभेत.

पैशाचे किंवा नावाचे नुकसान झाले असेल तर शब्द पुरत नाहीत. गणना या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात अपराध कबूल करून मूळ रक्कम आणि तिचा पाचवा हिस्सा जास्त देण्याची आज्ञा आहे, आणि जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट परत करण्याचे स्वतःहून ठरवले. समेट घडवताना भरपाईचा विषय काढणे अनेकांना अध्यात्माला धरून वाटत नाही. माझ्या मते तो न काढणे हेच अपुरे प्रेम आहे. फिलेमोनाला पत्र लिहिताना पौलाने फिलेमोनाचा दास अनेसिम याला प्रिय बंधू म्हणून स्वीकारण्याची विनंती केली, आणि त्याच पत्रात, तो तुमचे काही देणे लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांडा, मी फेडीन, असे स्वतःच्या हाताने लिहिले. कोणाची बदनामी केली असेल, तर जेथे जेथे ती पोहोचवली तेथे जाऊन ‘मी जे सांगितले ते खरे नव्हते’ असे सांगणे ही तिची भरपाई.

ज्याने क्षमा करायची आहे त्याच्यासाठी क्षमेचा अर्थ असा की, ही गोष्ट मी पुन्हा उकरून काढणार नाही, ती इतरांना सांगत फिरणार नाही आणि तिचा हत्यार म्हणून उपयोग करणार नाही. सातदा नव्हे, सत्तर गुणिले सात वेळा, असे येशूने आपला शिष्य पेत्र याला सांगितले ते मत्तयाच्या त्याच १८व्या अध्यायात. परंतु क्षमा आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने दानाच्या पैशांत अफरातफर केली त्याला आज क्षमा करता येते. खजिन्याची किल्ली त्याच्या हाती लगेच परत देणे मात्र क्षमेचा भाग नाही, आणि तसे सांगणाऱ्याला कठोर मनाचा म्हणू नये.

तिसऱ्या माणसाचे काम

दोघांच्या बोलण्यातून मार्ग निघाला नाही, तर एक-दोन जणांना बरोबर घ्यावे. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट पक्की व्हावी, हा नियम बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातला आहे आणि तो तेथे आरोप झालेल्याच्या रक्षणासाठीही होता. म्हणून ही माणसे आपले पाठीराखे म्हणून नेऊ नयेत. दोघांनाही मान्य असतील अशी, नातेसंबंध किंवा पैशाचा व्यवहार यांनी कोणाशी बांधलेली नसलेली, आणि गरज पडली तर आपल्यालाही ‘तुमचे चुकले’ म्हणतील अशी माणसे निवडावीत.

अशा मध्यस्थाने फिलिप्पैकरांस पत्राचा ४था अध्याय पाठ करावा असे मला वाटते. युवदीया आणि संतुखे या दोन बहिणींमध्ये बिनसले होते. पौल दोघींना एकत्र दटावत नाही. ‘युवदीयेला विनंती करतो आणि संतुखेला विनंती करतो’ असे तो एकेकीचे नाव घेऊन वेगवेगळे म्हणतो. वाद कशाचा होता आणि कोण चुकले हे तो लिहीत नाही, त्यामुळे पत्र सगळ्या मंडळीत वाचले गेले तरी कोणा एकीची बाजू पडली नाही. नंतर तो एका विश्वासू सहकाऱ्याला त्यांना मदत करायला सांगतो, म्हणजे हे त्यांचे त्यांनीच निस्तरावे असे तो मानत नाही. आणि लगेच तो आठवण देतो की, या दोघींनी शुभवर्तमानाच्या कामात माझ्याबरोबर श्रम केले आहेत आणि त्यांची नावे जीवनाच्या पुस्तकात आहेत. भांडणाच्या काळात माणसाची ओळख त्या भांडणापुरतीच उरते. मध्यस्थाने ती ओळख पुन्हा मोठी करायची असते.

प्रत्यक्षात मध्यस्थाने आधी दोघांना वेगवेगळे भेटून पूर्ण ऐकून घ्यावे. पहिल्याने मांडलेली बाजू खरी वाटते, दुसरा येऊन तपासतो तोवर, हा नीतिसूत्रांचा इशारा त्याने क्षणभरही विसरू नये. ‘आपल्यातच ठेवा, पण माझे मत तुमच्या बाजूने आहे’ असे एकालाही म्हणू नये. एकत्र बैठकीत एकाचे बोलणे पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने थांबावे हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे, ज्या गोष्टींवर दोघांचे एकमत आहे त्या मोठ्याने म्हणून दाखवाव्यात, आणि शेवटी जे ठरले ते चार ओळींत लिहून दोघांनाही वाचायला द्यावे. पैसा, जागा किंवा कामाची वाटणी यांचा प्रश्न असेल तर तारखेसह लिहावे. लिहिणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. स्मरण दोघांचे वेगळे होते, म्हणून ते लागते.

मंडळी, पुढारी आणि न्यायालय

गोष्ट मंडळीपर्यंत गेली, तर वडिलांनी ती मोजक्या शब्दांत, तपशिलाचा चवीने विस्तार न करता मांडावी. येशूने शेवटी त्या माणसाला परराष्ट्रीय (म्हणजे यहूदी नसलेल्या) किंवा जकातदारासारखे समजावे असे म्हटले. ज्याच्या शुभवर्तमानात हे लिहिले आहे त्या मत्तयाला येशूने जकातीच्या नाक्यावरूनच बोलावले होते, हे विसरून ते वाचू नये. करिंथच्या मंडळीत ज्याला शिक्षा झाली होती त्याच्याविषयी पौल दुसऱ्या पत्रात लिहितो की, झाली एवढी शिक्षा पुरे. आता त्याला क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर तो अति दुःखाने ग्रासला जाईल. शिस्त कधी थांबवायची हे ठरवणेही शिस्तीचाच भाग आहे.

वाद पुढाऱ्याशी असेल तर दोन्ही बाजूंनी काळजी लागते. दोन-तीन साक्षीदारांवाचून वडिलांवरील आरोप दाखल करून घेऊ नये, असे पौल तीमथ्याला सांगतो, आणि त्याच ठिकाणी पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष पदरी घालावा आणि पक्षपात करू नये असेही सांगतो. अंत्युखियात परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबरच्या पंक्तीतून पेत्र मागे सरला तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर विचारले, कारण त्या वागण्याने बाकीचे यहूदी आणि पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा ओढले गेले होते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख ‘आपला प्रिय बंधू’ असा येतो. पुढाऱ्याला प्रश्न विचारणे म्हणजे अभिषिक्ताला हात लावणे, असे सांगून तोंडे बंद करणाऱ्यांनी ही हकिकत सांगणारा गलतीकरांस पत्राचा २रा अध्याय वाचावा.

भावाने भावाविरुद्ध न्यायालयात जाणे, आणि तेही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे, याबद्दल पौल १ करिंथकरांस ६ मध्ये त्या मंडळीला लाजवतो. तुमच्यात निवाडा करू शकेल असा एकही शहाणा नाही का, असे तो विचारतो, आणि त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असेही. त्या लाजेमागे येशूची प्रार्थना आहे : ते सर्व एक व्हावेत, यासाठी की जगाने विश्वास धरावा. म्हणून देणीघेणी, भागीदारी, जागेचा वापर असे वाद आधी दोघांना मान्य असलेल्या जाणत्या विश्वासणाऱ्यांपुढे मांडावेत.

परंतु हा अध्याय गुन्हे दडपण्यासाठी कधीही वापरू नये. मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांचा छळ, धमकी ही प्रकरणे दोन विश्वासणाऱ्यांमधील मतभेद नाहीत. रोमकरांस १३ प्रमाणे वाईट करणाऱ्याला शासन करण्यासाठी देवाने अधिकारी नेमले आहेत, आणि पौलाने स्वतः जीव धोक्यात असताना रोमच्या कैसराकडे दाद मागितली. अशा वेळी पीडित व्यक्तीला ‘आधी एकांतात जाऊन बोला’ असे सांगणे क्रूरपणा आहे. आधी तिची सुरक्षितता पाहावी, कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना कळवावे, आणि क्षमेचा विषय तिच्यावर लादू नये.

समेट झाला नाही तर

शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्व माणसांबरोबर शांतीने राहा, असे पौल लिहितो. या दोन अटी त्या वाक्यात आहेत याबद्दल मी कृतज्ञ आहे, कारण काही वेळा सगळे करूनही दार बंदच राहते. पौल आणि बर्णबा यांच्यात योहान मार्काला पुन्हा बरोबर न्यायचे की नाही यावरून इतका तीव्र वाद झाला की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया आणि किलिकियातून गेला. कोण बरोबर होते हे ही हकिकत लिहिणारा लूक सांगत नाही. दोघांनीही काम थांबवले नाही आणि शास्त्रात कोठेही पौल बर्णबाविषयी कडवट लिहीत नाही. पुढे कलस्सैकरांस पत्रात तो मार्काचे स्वागत करायला सांगतो, आणि अखेरच्या काळात तीमथ्याला लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे.

म्हणून वेगळे व्हावेच लागले, तर कसे वेगळे व्हायचे हेही ठरवावे. लोक विचारतील तेव्हा दोघांनी कोणते एक वाक्य सांगायचे ते शक्यतो मिळून ठरवावे. इतरांना बाजू घ्यायला लावू नये, मुलांना तर मुळीच नाही. वाटेत भेट झाली तर नमस्कार थांबवू नये, त्यांच्या घरी आजार किंवा मृत्यू झाला तर जावे, आणि त्यांच्या कामाचे भले झाल्याचे कळले तर ते इतरांना सांगावे. काही महिन्यांनी, राग ओसरल्यावर, ‘आपले बोलणे अपुरे राहिले आहे, तुमची इच्छा असेल तेव्हा मी भेटायला तयार आहे’ एवढेच कळवावे, उत्तराची मुदत न घालता.